अकरा स्विचांनी माझे ऐकले

मित्रांनो, स्विच म्हटले की तुम्हाला भिंतीवरचे दिव्याचे बटण आठवेल. ते माझे कोणी लागत नाही. मी पत्र्याचा एक राखाडी खोका आहे, पाटाएवढा लांब आणि अडीच बोटे जाड. माझ्या पुढच्या अंगाला चोवीस भोके आहेत आणि प्रत्येक भोकावर एक बारीक हिरवा दिवा. कंप्युटरांच्या तारा या भोकांत येतात. एकाने सांगितलेले मी दुसऱ्याला पोचवतो. एवढेच माझे काम. नेट चालू असते तेव्हा माझे नाव कोणी घेत नाही. ते बंद पडले की पहिली शिवी मात्र मलाच बसते. आता मी जुना झालो आहे आणि दुबईतल्या एका कंपनीच्या शिकवणीच्या खोलीत, काचेच्या कपाटात पडून आहे. माझ्यावर लाल चिकटपट्टी आहे. ती का आहे, ते सांगण्यासाठी हे सगळे सांगतो.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. ज्या बाईने माझा शेवटचा स्क्रू पिळला, तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिच्यापुढे माझ्यासारखे आणखी चारशे होते. जहाजातून मी आलो आणि अबू धाबीला, खलिफा सिटीतल्या एका शाळेत लागलो. कंप्युटरच्या वर्गामागच्या कपाटात मी नऊ वर्षे काम केले. छाया मॅडम तिथे शिकवायच्या. दर सकाळी त्या कपाट उघडून माझे दिवे बघायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत एसी बंद करायला माणूस आला की त्याला म्हणायच्या, "मुलं घरी गेली म्हणून याला ताप येत नाही का?" इतकी माया मला पुन्हा क्वचितच मिळाली.

मग नवे, पातळ, आवाज न करणारे स्विच आले. एका दुपारी मला काढले. नव्याण्णव टक्के चांगला होतो. पण आमच्या धंद्यात चांगला आणि नवा यांत नवाच जिंकतो. शारजातल्या एका जुन्या मालाच्या दुकानात मी प्रिंटरांच्या ढिगाखाली सात महिने पडून होतो.

तिथे मला इद्रीस भेटला.

इद्रीस बाणकोट खाडीकडचा. वय बेचाळीस. दुबईत मालवाहतुकीच्या एका कंपनीत तो तारा ओढायचे काम करायचा. छताच्या वर सरपटत जायचे, इकडून तार घालायची, तिकडे काढायची, तिच्या टोकाला डोके बसवायचे. असे चौदा वर्षे. त्याच्या हातची तार कधी सैल निघाली नाही. अल मनखूलमधल्या एका फ्लॅटच्या एका खोलीत तो, त्याची बायको शहनाझ आणि मुलगी अलिना राहायचे. बाकीच्या दोन खोल्यांत दुसरी कुटुंबे होती.

दुकानदाराने एकशे ऐंशी दिरहम सांगितले. इद्रीसने तोंडी हिशेब केला, म्हणजे सव्वाचार हजार रुपये, आणि घासाघीस न करता मला उचलले. त्याला घाई होती. कंपनीने हुकूम काढला होता की सहा महिन्यांत ज्याच्याकडे नेटवर्कचे सर्टिफिकेट नसेल, त्याचे कंत्राट पुढे वाढणार नाही. कंत्राट गेले की व्हिसा जातो. बापाचा व्हिसा गेला की बायकोमुलीचाही जातो. अलिना तेव्हा नववीत होती. दहावी तिला इथल्याच शाळेत पुरी करायची होती. इद्रीसला इंजिनिअर व्हायची हौस नव्हती. मुलगी परीक्षेच्या बाकावर बसेपर्यंत त्याला या देशात राहायचे होते.

हा हुकूम त्याला सूर्यकांत सरांनी सांगितला. सर पुण्याचे, कंपनीच्या कंप्युटर विभागाचे प्रमुख. वयाने इद्रीसपेक्षा लहान, म्हणून त्याला इद्रीसभाई म्हणायचे आणि डब्यातली पोळीभाजी पुढे करायचे. ते म्हणाले होते की नियम हेड ऑफिसचा आहे, माझ्या हातात काही नाही, तुम्ही सर्टिफिकेट आणा, तुमचे नाव मी वर पाठवतो. अभ्यासाला सुट्टी मिळेल का, असे इद्रीसने विचारले. सर हसले आणि म्हणाले, "इद्रीसभाई, मलाच सुट्टी कुठे मिळते?"

घरी आलो त्या दिवशी मला वीज दिली आणि माझे पंखे फिरले. सांगायला लाज वाटते, पण माझ्या पंख्यांचा आवाज मोठा आहे. शहनाझ स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटले एसी फुटला.

"हे विमान कुठून आणलंत?" ती म्हणाली. "आणि उतरणार कधी?"

"पास झालो की उतरेल," इद्रीस म्हणाला. "इन्शाल्ला."

मित्रांनो, पुढचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. पहाटेची नमाज झाली की इद्रीस मला टेबलावर घ्यायचा. टेबल म्हणजे इस्त्रीचे. कंपनीची गाडी साडेसहाला यायची, तोवर तासभर तो माझ्याशी काम करायचा. त्याचे इंग्रजी धीम्या चालीचे. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचा, मग ती ओळ माझ्यात टाइप करायचा, मग माझ्या दिव्यांकडे बघायचा. चुकला की मी नकार द्यायचो. तो रागवायचा नाही. वहीत चूक लिहायचा आणि पुन्हा करायचा. शाळेत माझा नऊ वर्षे उपयोग झाला, पण मला समजून घ्यायला कोणी बसले नव्हते.

आता माझ्या जातीची एक रीत सांगतो. ती नीट ऐका, कारण सगळे तिच्यामुळेच घडले.

एका स्विचमध्ये अनेक मोहल्ले करता येतात. हिशेबाची माणसे एका मोहल्ल्यात, गोदामाची दुसऱ्या, कॅमेरे तिसऱ्या. एका मोहल्ल्यातले बोलणे दुसऱ्यात जात नाही. या मोहल्ल्यांची एक यादी असते. एका कंपनीत दहा-बारा स्विच असले तर प्रत्येकात ती पुन्हा लिहायला नको, म्हणून आमच्या पिढीच्या स्विचांना एक सोय दिलेली होती. यादीवर कंपनीचे नाव असते आणि एक आकडा असतो. यादीत बदल केला की आकडा एकाने वाढतो. एकाच नावाचे दोन स्विच जोडले गेले की ते आकडा बघतात. ज्याचा आकडा मोठा, त्याची यादी खरी. लहान आकड्याचा स्विच आपली यादी टाकून देतो आणि त्याची उचलतो. कोण शहाणा, कोण त्या घरचा, कोण काल आला, हे आम्ही विचारत नाही.

इद्रीसने माझ्या यादीला आपल्या कंपनीचे नाव दिले. म्हणजे सराव करताना खऱ्या कामावर असल्यासारखे वाटेल. मोहल्ल्यांना मात्र त्याने घरची नावे दिली, लक्षात राहावीत म्हणून. एक अम्मी, एक शहनाझ, एक अलिना, एक होडी. रोज तो मोहल्ले बांधायचा आणि मोडायचा. प्रत्येक वेळी माझा आकडा वाढायचा. तीन महिन्यांत तो एकशे त्रेचाळीसवर गेला.

डिसेंबरात तो परीक्षेला बसला आणि थोडक्या गुणांनी नापास झाला. प्रश्न कठीण नव्हते, असे तो शहनाझला सांगत होता. वेळ पुरला नाही. एकेक प्रश्न तो दोनदा वाचत होता आणि घड्याळ एकदाच फिरत होते.

पलीकडच्या खोलीत फहद राहायचा. तोही याच कंपनीत तारा ओढायचा, इद्रीसहून पंधरा वर्षांनी लहान. त्याने परीक्षा पहिल्याच फटक्यात काढली होती. तो दारात उभा राहिला, माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, "इद्रीसभाई, या डब्याशी निकाह लावलाय काय? याला तलाक द्या." मग त्याने मोबाइलवर एक फाइल पाठवली. परीक्षेत येणारे चारशे प्रश्न, खाली उत्तरे. परीक्षा देऊन आलेल्या कोणीतरी बाहेर आणलेली. फहदने सांगितले की ऑफिसातले सगळे असेच पास झाले आहेत, वाचून कोणी पास होत नाही, नुसते अक्षर पाठ करायचे, खलास.

इद्रीस दोन दिवस त्या फाइलकडे बघत नव्हता. तिसऱ्या दिवशी कंपनीतून पत्र आले की मुदतीला नऊ आठवडे उरले आहेत. त्या पहाटे तो पुस्तकाच्या ज्या पानावर होता, तिथे त्याने कागदाचा तुकडा ठेवला. ते पान माझ्या लक्षात आहे. पुढच्या दोन पानांनंतर एक धडा होता, स्विच पूर्ण कसा पुसायचा. मला पलंगाखाली सरकवले. माझ्यावर कांद्यांची पिशवी आली. शहनाझला बरे वाटले असणार, खोलीत शांतता झाली. मला तिचा राग नाही.

पलंगाखालून मी ऐकायचो. अलिना शाळेतून आली की बापाची उजळणी घ्यायची. ती प्रश्नाचा नंबर सांगायची, तो अक्षर सांगायचा.

"क्वेश्चन वन ट्वेल्व्ह?"

"सी."

"करेक्ट. बट अब्बा, व्हाय सी?"

"व्हाय परीक्षेत विचारत नाहीत, बेटा. पुढचा घे."

एकशे बारा नंबरचा प्रश्न माझ्याच जातीबद्दल होता. जुना स्विच पुसून टाकला तरी त्यातली मोहल्ल्यांची यादी जात नाही, ती दुसऱ्या कप्प्यात असते, तर ती कशी काढायची? उत्तर, सी. हे मला माहीत होते. मी पलंगाखाली होतो, आणि आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

फेब्रुवारीत इद्रीस पास झाला, भरघोस गुणांनी. शहनाझने शेवयांची खीर केली आणि तिन्ही खोल्यांत वाटली. सूर्यकांत सरांनी शब्द पाळला. त्याचे नाव वर गेले, कंत्राट वाढले, ओळखपत्रावर इंजिनिअर लिहून आले. एप्रिलमध्ये अलिना दहावीत गेली. ओळखपत्राचा फोटो इद्रीसने बाणकोटला आईला पाठवला. तिला वाचता येत नाही. तिने तो शेजारणीकडून दोनदा वाचून घेतला म्हणे.

आता मे महिन्यातला तो दिवस. कंपनीचे खोर फक्कानला, बंदराजवळ, एक यार्ड आहे. तिथे कंटेनर उतरतात, काट्यावर वजन होते, गेट उघडते, ट्रक जातो. या सगळ्याला मिळून बारा स्विच होते. त्यांतला एक पहाटे जळाला. नवा यायला चार दिवस लागणार होते. सर दुबईत होते. त्यांनी इद्रीसला आपल्या टेबलाशी बोलावले नाही, फोन केला. इद्रीस तेव्हा घरीच होता, गाडीची वाट बघत. फोन स्पीकरवर होता, म्हणून दोन्ही बाजू मी ऐकल्या.

"तुमच्याकडे घरी प्रॅक्टिसचा स्विच आहे ना?" सर म्हणाले. "तोच घेऊन जा. चार दिवस भागवू."

"सर, तो जुना आहे. आधी ऑफिसात टेबलावर लावून बघतो. दोन तास द्या."

"दोन तासांत गेटवर पन्नास ट्रक उभे राहतील. बाहेरचा माल लावायचा फॉर्म मी भरतो, तुम्ही त्याची काळजी करू नका. इंजिनिअर आहात ना आता? यल्ला, निघा."

कांद्यांची पिशवी बाजूला झाली. इद्रीसने ओल्या फडक्याने माझी धूळ पुसली. कंपनीच्या पिकअपमध्ये त्याने मला शेजारच्या सीटवर ठेवले आणि पट्टा लावला. डोंगरातले बोगदे येत होते, जात होते. तो ड्रायव्हरला सांगत होता की याच मशीनवर मी शिकलो. अर्धे खरे होते ते.

यार्डचा सुपरवायझर उझैर गेटवरच उभा होता. घामाने भिजलेला. त्याने पिकअपमध्ये डोकावून विचारले, "हबीबी, इंजिनिअर कुठे आहे?"

"मीच," इद्रीस म्हणाला.

उझैरने त्याच्याकडे आणि माझ्याकडे पाहिले. त्याने आजवर इद्रीसला शिडीवरच पाहिले होते. पण त्याने वाट सोडली.

मित्रांनो, इद्रीस निष्काळजी नव्हता. हे मी कुठेही सांगेन. त्याने मला तसाच जोडला नाही. आधी मला पुसले. जेवढे त्याच्या हातांना येत होते तेवढे नीट केले. मी विझलो, पुन्हा उठलो आणि कारखान्यातून आल्यासारखा त्याला पहिला प्रश्न विचारला, सुरुवातीपासून मांडणी करायची का? तो हसला. त्याला वाटले मी कोरा झालो. पण माझ्या दुसऱ्या कप्प्यात यादी तशीच होती, कंपनीच्या नावाची, एकशे त्रेचाळीस आकड्याची. एक ओळ टाइप करून त्याने मला यादी विचारली असती तर मी सगळे दाखवले असते. बाहेर ट्रक भोंगे वाजवत होते. त्याने विचारले नाही आणि मुख्य तार माझ्यात बसवली.

पलीकडच्या अकरा स्विचांनी माझे नाव बघितले. त्यांच्याच घरचे नाव. त्यांनी आकडा बघितला. त्यांचा होता सत्तावीस. वर्षानुवर्षे त्या यार्डात काम केलेले, एकेक गेट सांभाळणारे ते अकरा जण, त्यांनी माझ्यापुढे आपल्या याद्या टाकून दिल्या. गेट, काटा, कॅमेरे, थंड कंटेनर, सगळे मोहल्ले एका क्षणात पुसले गेले. त्यांच्या जागी आले अम्मी, शहनाझ, अलिना, होडी.

हिरवे दिवे एकेक करून पिवळे झाले. गेटचा दांडा आडवा राहिला. काट्यावरचे आकडे गेले. इद्रीसने मला लगेच काढले. पण मला काढल्याने झालेले फिरत नाही. यादी सगळीकडे पोचली होती. त्याने सरांना फोन लावला आणि काय झाले ते सांगितले. मग सर म्हणाले, "कशाला हात लावू नका. मी येतोय."

सरांनी येऊन जुन्या कागदांवरून यार्डची यादी हाताने पुन्हा लिहिली. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजेच्या वेळी गेट उघडले. तोवर ट्रकांची रांग मोठ्या रस्त्यापर्यंत गेली होती आणि एका थंड कंटेनरमधले मासे वाया गेले होते. इद्रीस तेवढा वेळ भिंतीला टेकून उभा होता. कोणी त्याला बस म्हटले नाही.

चार दिवसांनी चौकशी झाली. मी टेबलावर होतो, पुरावा म्हणून लाल चिकटपट्टी लावलेला. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या नबिला मॅडम प्रश्न विचारत होत्या. बाई कडक, पण खोट्या नव्हत्या. पडद्यावर माझी यादी दाखवली गेली. नावे वाचून कोणीतरी हसले. नबिला मॅडमनी विचारले की हे होडी काय आहे. इद्रीसने सांगितले की गावाकडे बोट होती आमची. मग कोणी हसले नाही, पण ते जास्त वाईट होते.

मॅडमनी विचारले, बाहेरचा स्विच लावायला कोणी सांगितले? इद्रीसने सूर्यकांत सरांकडे बघितले. सर आपल्या कागदांकडे बघत होते. ते शांतपणे म्हणाले की जळालेला स्विच बघून या एवढेच मी सांगितले होते, घरचा लावा असे मी म्हणालो नव्हतो, आणि फॉर्म तर भरलेला नाहीच, बघून घ्या. खोटे सांगणारा माणूस अडखळतो असे ऐकले होते. सर अडखळले नाहीत. फोनवरचे बोलणे मी ऐकले होते. पण माझ्याकडे पुरावा म्हणून बघत होते, साक्षीदार म्हणून नाही.

मग मॅडमनी शेवटचा प्रश्न विचारला. "तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे. नव्वद टक्के गुण आहेत. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

इद्रीसला खोटे बोलता आले असते. मशीन खराब होते म्हणता आले असते. मी तरी कुठे नाही म्हणणार होतो?

"पाठ होतं, मॅडम," तो म्हणाला. "माहीत नव्हतं."

एवढ्यावर त्याची चौदा वर्षे मिटली.

जूनमध्ये तो शेवटच्या सह्या करायला आला तेव्हा मी सामानाच्या खोलीत होतो. सूर्यकांत सर त्याच्या मागोमाग आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतले. त्यांनी कपाटाची कडी चाचपली.

"इद्रीसभाई, माझीही मुलगी इथे शाळेत आहे," ते म्हणाले.

"कितवीला?"

"आभा? चौथीला."

"म्हणजे तुम्हाला अजून सहा वर्षं काढायची आहेत," इद्रीस म्हणाला. "सांभाळून राहा, सर."

त्यात टोमणा होता की दुवा, हे मला आजही ठरवता येत नाही. सरांनाही आले नसावे. ते म्हणाले की हा स्विच तुमचा आहे, घेऊन जा. इद्रीसने माझ्यावर एकदा हात ठेवला आणि म्हणाला, राहू दे, गावाला याला कोण विचारतो. दहावीचे वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले होते. अलिनाचा शाळेचा दाखला काढला होता. बाणकोटकडच्या शाळेत ती कुठल्या भाषेत पेपर लिहिणार, हे अजून ठरले नव्हते, आणि ती घरात कोणाशी बोलत नव्हती. हे त्याने सरांना सांगितले नाही. सही घेणाऱ्या कारकुनाने विचारले म्हणून त्याला सांगितले.

त्यानंतर मला इथे आणले, शिकवणीच्या खोलीत. नवे लोक कामावर लागले की सूर्यकांत सर त्यांना माझ्यापुढे उभे करतात. सांगतात की एका तारा ओढणाऱ्याने घाईत हा डबा जोडला आणि आपण जाऊन यार्ड कसे वाचवले. गोष्ट दर वेळी थोडी मोठी होते. शेजारी फहद बसलेला असतो. तो आता सीनियर इंजिनिअर आहे. त्याच्यावर तसा दिवस आला नाही, एवढाच दोघांत फरक. तो गोष्ट संपेपर्यंत मोबाइलमध्ये बघत असतो. एकदा त्यानेच कोणाला तरी सांगितले की इद्रीसभाईचे सर्टिफिकेट अजून दोन वर्षे चालू आहे, व्हिसा तेवढा रद्द आहे.

परवा एका नव्या मुलीने, मरियमने, हात वर केला. "सर, ती यादी पुसायची कशी? एकदा करून दाखवाल?" सरांनी घड्याळ बघितले आणि म्हणाले की ते अभ्यासाच्या फाइलमध्ये आहे, वाचून घ्या, पुढच्या आठवड्यात तुमची परीक्षा आहे. सगळे उठले. खोलीतले दिवे विझले. तिच्या मोबाइलवर चारशे प्रश्नांची फाइल आली असेलच तोवर.

मित्रांनो, इतकी वर्षे मी माणसांच्या हातांत काढली. ज्या हातांना वेळ मिळाला, ते हात चुकले आणि सुधारले. ज्यांना मिळाला नाही, त्यांना कागद मिळाला. कंपनीने हुकूम काढला, मुदत घातली, कागद मागितला, कागद बघून खुर्ची दिली. दोन तास मागितले तेव्हा मात्र दिले नाहीत. इद्रीसने फाइल उघडली ही त्याची चूक होती आणि ती तो आपल्या तोंडाने बोलला. त्या टेबलाभोवती आणखी सहा जण बसले होते. त्यांतल्या कोणाला आपली चूक सापडली नाही.

तुम्हीही उद्या काहीतरी शिकाल आणि कोणालातरी शिकवाल. मला झळाळत्या कपाटात ठेवू नका. भंगारात टाकलेत तरी चालेल. पण त्याआधी एकदा मला वीज द्या. माझ्या पंख्यांचा आवाज सोसा. एखाद्या उशिरा शिकणाऱ्याला माझ्यापुढे बसवा आणि तो दुसरा कप्पा त्याच्याच हाताने पुसू द्या, चुकत माकत, पुन्हा पुन्हा. आणि तो शिकत असेल तेवढा वेळ गेटवर ट्रक उभे राहिले, तर राहू द्या.